कूपरस्टाउन पायी बघा, नुसतं म्युझियम करून परतू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अमेरिका फिरायला जाणाऱ्यांसाठी जो लेख आला तो आमच्या घरात सगळ्यांनी वाचला, चांगलाच आहे, नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन सगळं नीट आलंय, पण कूपरस्टाउनच्या वाट्याला जेमतेम दीड ओळ आलीय, बेसबॉलचं म्युझियम आहे, आवड असेल तर दोन तास थांबावं, एवढंच. ते वाचून राहवेना म्हणून हे पत्र लिहितेय. आपल्याकडून मुलाबाळांकडे जाणारे लोक आता इतके वाढलेत, त्यातल्या निम्म्यांना क्रिकेटचं वेड असतं, आणि न्यूयॉर्क शहरातून गाडीनं साधारण चार तासांवरचं हे गाव त्यांना कुणी नीट सांगतच नाही. टूरवाले नेतात तेव्हाही म्युझियमच्या दारात उतरवतात आणि दोन तासांनी तिथूनच उचलतात, आमच्या ओळखीतल्या एका ग्रुपला तर तळं आहे हेसुद्धा कळलं नाही, बसच्या खिडकीतून काहीतरी चमकलं म्हणे. माझं म्हणणं साधं आहे, म्युझियम शेवटी बघा, आधी गाव पायी फिरा, कारण बेसबॉल तिथं कसा आला, का आला आणि गावानं तो कसा सांभाळला हे सगळं रस्त्यावरच दिसतं.

गाव म्हणजे अगदीच लहान, वस्ती दोन हजारांच्याही आत. न्यूयॉर्क राज्याच्या मधल्या डोंगराळ भागात ऑट्सेगो नावाचं तळं आहे, उत्तर-दक्षिण लांबच लांब, साधारण चौदा किलोमीटर, आणि त्याच्या दक्षिण टोकाला हे गाव. विल्यम कूपर नावाच्या जमीनदारानं १७८६ मध्ये ते वसवलं म्हणून कूपरस्टाउन. त्याचा मुलगा म्हणजे जेम्स फेनिमोर कूपर, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोठ्या कादंबरीकारांपैकी एक, त्यानं आपल्या लिखाणात या तळ्याला ग्लिमरग्लास म्हटलं आणि ते नाव आजही गावात जिथंतिथं दिसतं, बोटीवर, दुकानांवर, तळ्याकाठच्या ऑपेरा फेस्टिव्हलवर.

उन्हाळ्यात गाडी गावात घालायच्या फंदात पडू नका, पार्किंग मिळत नाही. गावाबाहेर पार्किंग आहेत तिथं गाडी लावायची आणि ट्रॉलीनं, म्हणजे छोट्या बसनं, आत यायचं. मग चालायला सुरुवात करायची ती रिव्हर स्ट्रीटच्या तळ्याकडच्या टोकापासून, कारण सगळ्यात जुनी गोष्ट तिथं आहे. पायऱ्या उतरून खाली गेलं की पाण्यातून डोकं वर काढलेला एक गोलसर खडक दिसतो, काउन्सिल रॉक. इथं मूळ रहिवासी जमातींचे लोक भेटायचे, बसून बोलायचे असं परंपरेनं सांगतात, म्हणजे कूपर येण्याच्या कितीतरी आधीपासून ही जागा भेटीगाठीची. आणि त्या खडकाशेजारीच तळ्यातलं पाणी बाहेर पडतं आणि सस्क्वेहाना नदी सुरू होते. मी हे मुद्दाम सांगतेय कारण ही नदी पुढं सातशे किलोमीटरहून जास्त वाहत जाऊन चेसापीकच्या खाडीला मिळते, तिथं तिचं पात्र खूपच रुंद, आणि इथं मात्र तळाचे दगड मोजता येतील एवढी उथळ, एखादा पोरगा चड्डी वर करून पलीकडे जाईल अशी. पाणी स्वच्छ आहे, गाव पिण्याचं पाणी याच तळ्यातून घेतं.

याच जागी १७७९ मध्ये एक वेगळीच गोष्ट झाली. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं, जनरल जेम्स क्लिंटनला सैन्य नदीनं खाली न्यायचं होतं पण नदीला पाणीच नव्हतं, म्हणून त्यानं तळ्याच्या तोंडावर बांध घातला, तळ्याची पातळी काही फूट चढू दिली, दोनशेहून जास्त होड्या तयार ठेवल्या आणि ऑगस्टमध्ये बांध फोडला, त्या लोंढ्यावर सगळं सैन्य खाली गेलं. युद्धकथा म्हणून भारी वाटतं, पण हे सैन्य इरोक्वा या मूळ रहिवासी लोकांची गावं आणि उभी पिकं जाळायला निघालं होतं, तेही तिथं उभं राहून आठवावं, विशेषतः शेजारी काउन्सिल रॉक असताना. आज त्याच क्लिंटनच्या नावानं दरवर्षी मे अखेरीस, मेमोरियल डेच्या सुट्टीला, कॅनोची शर्यत होते, कूपरस्टाउनच्या तळ्यापासून बेनब्रिजपर्यंत ७० मैल, म्हणजे ११० किलोमीटरच्या वर, एका दिवसात. १९६० च्या दशकापासून चालू आहे. म्हणजे या गावाचा खेळाशी संबंध नुसत्या बॅट-बॉलचा नाही हे इथंच कळतं, त्या दिवसांत गेलात तर पहाटे उठून तळ्यावर जा.

तिथून वर आलं की ख्राइस्ट चर्च, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, आवारात कूपर घराण्याच्या कबरी, कादंबरीकार कूपरही तिथंच. पुढं कूपर पार्क, इथं कूपर घराण्याचा वाडा होता तो १८५३ मध्ये जळाला, आता त्या जागी लेखकाचा बसलेला पुतळा आहे. आणि त्याला लागूनच, हे मला फार आवडतं, हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे त्या बेसबॉलच्या म्युझियमच्याच, अंगणात दोन पुतळे समोरासमोर आहेत, १९५५ मध्ये वर्ल्ड सिरीज ही बेसबॉलची अंतिम लढत जिंकलेल्या ब्रुकलिन डॉजर्सचा पिचर जॉनी पोड्रेस बॉल टाकतोय आणि कॅचर रॉय कॅम्पनेला तो घ्यायला बसलाय, दोघांमध्ये अंतर बरोबर ६० फूट ६ इंच, खऱ्या मैदानावर असतं तेवढंच. आपली क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, त्यामुळे त्या दोन पुतळ्यांच्या मध्ये उभं राहिलं की क्रिकेट बघणाऱ्या माणसाला लगेच अंदाज येतो, इथं बॉल टप्पा न घेता थेट येतो आणि विचार करायला वेळच नाही. पुस्तकात वाचून हे कळत नाही, तिथं उभं राहून कळतं.

आता गावाच्या मुख्य कहाणीकडे येते, कारण तुमच्या लेखात 'बेसबॉलचं जन्मगाव' असं लिहिलंय आणि ते बरोबर नाही. म्हणजे एके काळी सगळी अमेरिका तसं मानायची, पण आता खुद्द हॉल ऑफ फेमवालेही ही दंतकथा आहे असंच सांगतात. झालं असं की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाद होता, बेसबॉल हा अस्सल अमेरिकन खेळ की इंग्रजांच्या राउंडर्स या बॅट-बॉलच्या खेळातून आलेला. राउंडर्सच्या बाजूनं होता हेन्री चॅडविक, स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेला, आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा आणि मग बेसबॉलचा सगळ्यात मोठा पत्रकार झाला, स्कोअरचा जो तक्ता अमेरिकन पेपरात छापतात तो त्यानंच रुजवला. विरुद्ध बाजूला अल्बर्ट स्पॉल्डिंग, आधी खेळाडू आणि मग खेळाच्या सामानाचा मोठा व्यापारी, त्याला खेळ अमेरिकनच हवा होता. त्याच्या पुढाकारानं १९०५ मध्ये मिल्स कमिशन बसलं, आणि ॲबनर ग्रेव्ह्ज नावाच्या म्हाताऱ्या मायनिंग इंजिनिअरनं पत्र पाठवलं की १८३९ मध्ये कूपरस्टाउनमध्ये ॲबनर डबलडे यानं हा खेळ शोधला, मी पाहिलंय. कमिशननं १९०७ च्या अखेरीस ते मान्य करून टाकलं. आता बघा, १८३९ मध्ये ग्रेव्ह्ज पाच वर्षांचा होता, डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता, आणि पुढं यादवी युद्धात जनरल म्हणून नाव काढलेल्या या माणसानं मरेपर्यंत बेसबॉल आपण शोधला असा दावा कधी केला नाही. तो १८९३ मध्येच गेला होता त्यामुळे त्याला विचारायचीही सोय नव्हती.

पण ही कहाणी गावाला चिकटली ती चिकटलीच. आणि इथं सिंगर शिलाई मशीन येतं! आपल्या घराघरांत पायानं चालवायचं काळं सोनेरी मशीन असायचं त्या सिंगर कंपनीत आयझॅक सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क, त्याच्या घराण्याचं वास्तव्य कूपरस्टाउनला. त्यातला स्टीफन क्लार्क हा कलासंग्राहक. १९३० च्या दशकात मंदीनं गावाची वाट लागली होती, त्याच सुमाराला तीन मैलांवरच्या फ्लाय क्रीकला एका जुन्या पेटाऱ्यात उसवलेला, कातडी फाटलेला एक बॉल सापडला, तो डबलडेच्या काळातला असणार म्हणून स्टीफन क्लार्कनं पाच डॉलरला विकत घेतला आणि गावात मांडून ठेवला. लोक बघायला यायला लागले. त्यातूनच म्युझियमची कल्पना निघाली, मग मोठ्या खेळाडूंचा सन्मान करावा ही कल्पना त्याला जोडली गेली, १९३६ मध्ये पहिले पाच जण निवडले गेले, टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, ख्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन, आणि १२ जून १९३९ ला इमारतीचं उद्घाटन झालं. तोवर निवडलेल्यांपैकी त्या दिवशी हयात असलेले अकराही जण गावात आले होते पण प्रसिद्ध फोटोत दहाच आहेत, टाय कॉबला यायला उशीर झाला. त्याच दिवशी गावच्या पोस्टातून बेसबॉलच्या शताब्दीचं तीन सेंटचं तिकीट निघालं आणि त्यावर डबलडेचा चेहरा नाही, मोकळ्या जागेत खेळणारी पोरं आहेत. पोस्ट ऑफिस मेन स्ट्रीटवरच हॉलच्या समोर आहे, पत्र टाकायला जा म्हणजे बघून होईल.

मेन स्ट्रीट दहा मिनिटांत चालून होते पण होऊ देऊ नका. लाल विटांच्या दुमजली तिमजली इमारती, खाली बॅट, टोप्या, जुनी कार्डं विकणारी दुकानं, पायोनियर स्ट्रीटच्या चौकात भर रस्त्यात झेंड्याचा खांब आणि गाड्या त्याला वळसा घालून जातात. काहींना सगळीकडे बेसबॉलचाच बाजार वाटतो, मला नाही वाटत, गावाला पोट आहे. त्या दुकानांच्या वरचे मजले बघत चाला, जुनी नक्षी, खिडक्यांच्या कमानी सगळं तसंच आहे. पायोनियर स्ट्रीटनं उजवीकडे खाली उतरलात की लेकफ्रंट पार्क, बाकं आहेत, तिथून तळ्याच्या पूर्व काठावर लांब पाण्यातच उभा असलेला किल्ल्यासारखा मनोरा दिसतो, किंगफिशर टॉवर, ६० फूट उंच, याच सिंगरवाल्या एडवर्ड क्लार्कनं १८७६ मध्ये बांधलेला. त्यात कुणी कधी राहिलं नाही, तळ्याला शोभा यावी म्हणून बांधला.

परत मेन स्ट्रीटला येऊन पश्चिमेकडे चाललात की डाव्या हाताला आत डबलडे फील्ड. ही जागा म्हणजे फिनी नावाच्या माणसाचं गाईंचं कुरण, इथंच डबलडेनं खेळ मांडला असं ते ग्रेव्ह्जचं म्हणणं, म्हणून गावानं १९२० च्या सुमाराला ही जागा घेऊन मैदान केलं आणि मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून विटांचं स्टँड उभं राहिलं. १९४० पासून २००७ पर्यंत जवळजवळ दरवर्षी इथं मोठ्या लीगच्या, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक बेसबॉलच्या, दोन टीम प्रदर्शनी मॅच खेळायला यायच्या. दाराजवळ एक पुतळा आहे, अनवाणी पोरगा, डोक्यावर गवती हॅट, हातात बॅट. स्टार नाही, नाव नाही, कुठल्याही गावातला पोरगा. त्याच्या पायांकडे नीट बघा, बोटं मातीत रोवून उभा आहे, बॉलची वाट बघतोय, गल्लीत टेनिस बॉलनं खेळलेल्या प्रत्येक माणसाला ती पोज ओळखीची आहे. आत मॅच चालू असेल तर सरळ जाऊन बसा, उन्हाळ्यात शाळकरी पोरांच्या, हौशी क्लबांच्या, म्हाताऱ्यांच्या सुद्धा मॅच असतात. नियम कळले नाहीत तरी चालतं, शेजारी बसलेला माणूस सांगतो, तुम्ही भारतातले म्हटल्यावर तो उलट क्रिकेटचं विचारतो आणि पाच दिवस खेळून निकाल लागत नाही हे ऐकून त्याला खरंच वाटत नाही.

एवढं झालं की मग हॉल ऑफ फेममध्ये जा. आता आतलं सगळं वेगळं दिसतं. तो उसवलेला बॉल आत आहे, डबलडेची कथा दंतकथा म्हणूनच सांगितलीय, आणि मुख्य दालनात भिंतीवर निवडलेल्यांचे जे साडेतीनशेच्या आसपास ब्राँझचे फलक आहेत त्यात ॲबनर डबलडेचा फलक नाहीच! ज्याच्या नावानं मैदान, ज्याच्या कथेमुळे म्युझियम, त्याला निवडलेलंच नाही. आणि राउंडर्सवाला हेन्री चॅडविक मात्र १९३८ पासून आत आहे. आपल्या क्रिकेटवाल्यांनी आणखी एक फलक शोधावा, हॅरी राइट, इंग्लंडात जन्मलेला, न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबात क्रिकेटचा व्यावसायिक खेळाडू होता, त्यानंच १८६९ मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज ही उघडपणे पगार देणारी पहिली व्यावसायिक टीम उभी केली. त्याचा भाऊ जॉर्जही तिथं आहे, तोही क्रिकेट खेळायचा.

फलकांपाशी घाई करू नका. जॅकी रॉबिन्सन, १९४७ मध्ये मोठ्या लीगमधली वर्णभेदाची भिंत ज्यानं तोडली, त्याला १९६२ मध्ये निवडलं तेव्हाच्या फलकावर फक्त खेळ होता, त्याचीच तशी इच्छा होती की मला खेळावरून मोजा, पण २००८ मध्ये नवा फलक केला आणि त्यानं काय सोसलं, काय बदललं ते त्यावर आणलं. पोर्तो रिकोचा रॉबर्टो क्लेमेन्टे, १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान पडून गेला, त्याच्या फलकावर नावाचा क्रम चुकला होता, आईकडचं आडनाव मधेच घातलं होतं, ते २००० मध्ये दुरुस्त करून नवा फलक लावला. गोऱ्यांनी बाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीगमधल्या लोकांना फार उशिरा घेतलं, २००६ मध्ये एकदम सतरा जण, त्यात एफा मॅन्ली ही हॉलमधली पहिली आणि अजून तरी एकमेव बाई, नेवार्कच्या टीमची मालकीण. २०२५ मध्ये जपानचा इचिरो सुझुकी आला, आशियातला पहिला. निवडून यायला पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात, इचिरोचं एकच मत कमी पडलं नाहीतर शंभर टक्के झाली असती. ब्राँझमध्ये ओतलेली गोष्टसुद्धा चुकली असेल तर उतरवून नवी लावतात, हे मला त्या गावाचं सगळ्यात मोठं काम वाटतं आणि तुमच्या पुरवणीत खरं तर हे यायला हवं होतं.

पायात जोर असेल तर तळ्याकाठच्या रस्त्यानं पुढं जा, १९०९ चं ओटेसागा हॉटेल, तेही क्लार्क घराण्याचंच, त्याला लागून तेवढंच जुनं गोल्फ कोर्स, शेवटच्या होलचा पहिला फटका पाण्यातल्या बेटावरून मारायचा असतो. राहणं खिशाला जड आहे पण मागच्या व्हरांड्यातून तळं काय दिसतं! त्याच रस्त्यावर साधारण मैलभर पुढं फेनिमोर आर्ट म्युझियम आणि समोर फार्मर्स म्युझियम, पहिल्यात मूळ रहिवाशांच्या कलेचा थॉ संग्रह आहे तो काउन्सिल रॉक बघून आलेल्यांनी चुकवू नये. दुसऱ्यात कार्डिफचा राक्षस आडवा ठेवलाय, दहा फुटी दगडी माणूस, १८६९ मध्ये जमिनीतून निघाला म्हणून लोकांनी तिकीट काढून बघितला, तो जिप्समचा कोरून पुरलेला निघाला. तोही फसवणूक म्हणूनच मांडलाय. लहान मुलं सोबत असतील तर त्यांना हाच आवडतो.

आणि एक, गावातल्या बॅसेट हॉस्पिटलजवळून जाल, दोन हजार वस्तीच्या गावात एवढं मोठं हॉस्पिटल कसं असं वाटेल. १९५० च्या दशकात डॉ. डोनॉल थॉमस यांनी इथं बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं सुरुवातीचं काम केलं, पुढं १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. खेळाशी संबंध नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सगळी पायपीट मिळून चार-पाच किलोमीटर, बहुतेक सपाट, काउन्सिल रॉकच्या पायऱ्या तेवढ्या जपून, गुडघे दुखत असतील तर वरूनच बघा, दिसतो. सकाळी सुरू केलं तर संध्याकाळपर्यंत आरामात होतं, मुक्काम केला तर उत्तमच. जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास नव्या खेळाडूंना हॉलमध्ये घेण्याचा सोहळा असतो, गावाबाहेरच्या क्लार्क स्पोर्ट्स सेंटरच्या मैदानावर, गवतावर बसून बघायला काही पैसे लागत नाहीत, आणि आदल्या दिवशी जुने दिग्गज मेन स्ट्रीटवरून मिरवणुकीनं जातात. गर्दी सोसत असेल तरच ते दिवस धरा, २००७ मध्ये कॅल रिपकेन आणि टोनी ग्विन या दोन खेळाडूंच्या वेळी पंचाहत्तर हजारांच्या आसपास माणसं आली होती असं सांगतात. शांतपणे फिरायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर, पानं रंगतात तेव्हा. हिवाळ्यात फेनिमोर आणि फार्मर्स म्युझियम बंद असतात, हॉल मात्र थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस आणि एक जानेवारी सोडून रोज उघडा असतो. गावाला रेल्वे नाही, जवळचं मोठं विमानतळ ऑल्बनीचं, तिथून गाडीनं दीड तासाच्या आसपास.

तेव्हा विनंती अशी की पुढच्या पुरवणीत 'जन्मगाव' ही दुरुस्ती तर छापाच, पण जमलं तर पायी फिरायचा हा मार्ग एका छोट्या नकाशासकट द्या, काउन्सिल रॉक, चर्च, कूपर पार्क, मेन स्ट्रीट, लेकफ्रंट, डबलडे फील्ड आणि मग हॉल, याच क्रमानं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांकडे जाणाऱ्यांची तिकिटं फेब्रुवारी-मार्चमध्ये काढली जातात, त्याआधी आलं तर लोकांना कार्यक्रमात एक दिवस तरी मोकळा ठेवता येईल.

आपली,
एक नियमित वाचक